खिरीत बुडालेला तलाव

जवळ सरक स्वाती, ही दूर बसून ऐकायची गोष्ट नाही. तू तिकडं पुण्यात अन् मी इकडं मेहकरच्या अलीकडं, तरी कागदाजवळ का होईना, सरक. अन् आधी थोडी बोलणी खा. परवा फोनवर तू काय म्हणाली ते आठव. "आजी, सरकारनं सगळं फुकट देऊन देऊन लोकांच्या सवयी बिघडवल्या आहेत. गावात कोणाला कष्टच नको झालेत." मी बरं बरं म्हटलं, फोन ठेवला अन् मंग दिवसभर माझं मन कशात लागलं नाही. भाजीत दोनदा मीठ टाकलं. आपल्या मेहकरात आता तयार पीठ मिळते, पिशवी फाडली की भाकर थापायची, जात्याशी अन् गिरणीशी संबंध नाही. तुमच्या तिकडं मत पण तसंच मिळते काय बाई, दळलेलं?

राग नको धरू. तुले बोलायचा माझा हक्क आहे, कारण तुझी आजी गोदाबाई ही माझी थोरली जाऊ, अन् तिच्या माघारी तुले बोलणारं या घरात मीच उरली. तू मले लहानी आजी म्हणते. पण तिच्याबद्दलची एक गोष्ट मी तुले कधी सांगितली नाही. तुझ्या बापाले पण नाही. सांगायची ठरवली की हातात काही ना काही काम निघायचं.

यंदा श्रावणात पावसानं जी पाठ फिरवली ती फिरवलीच. सोयाबीन कंबरेएवढं उभं आहे, लांबून पाहिलं तर वाटावं केवढं पिकलं. जवळ जाऊन शेंग दाबली की बोटाले बोट लागते, मधात दाणाच नाही. गेल्या पंधरवड्यात निरोप आला की नुकसान पाहायले वरून साहेब लोकांच्या गाड्या येऊन राह्यल्या. लगेच आपला सरपंच, तुझ्याच वयाचा पोरगा, माझ्या ओट्यावर येऊन बसला. चांगला आहे तो, पायाले हात लावते. म्हणे, "लहानी आजी, साहेबांसाठी तुमच्या हातच्या शेवयाची खीर पाह्यजे. चांगली बदाम-गिदाम टाकून. गावाची इज्जत आहे."

इज्जत म्हटलं अन् माझ्या नाकात वास आला. गुळाचा, शेळीच्या दुधाचा, अन् खाली जराशा लागलेल्या शेवयांचा. पन्नासाच्या वर वर्षं झाली त्या वासाले. तो काही जात नाही.

बहात्तरचा दुष्काळ म्हणतात तो. मी नवीन नवरी होती, रोहिणखेडकडची पोरगी, एकोणीस वर्षांची. माहेरी निदान विहिरीले ओल होती. इथं आली तर विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरायचं, एक बाई खाली, एक वर, अन् वरची खालचीले विचारणार, साचलं काय, अन् खालची म्हणणार, थांब, साचून राह्यलं. तुझी आजी खाली उतरायची. मले भीती वाटते म्हणून. वर यायची तेव्हा तिचे पाय गुडघ्यापर्यंत गाऱ्यानं भरलेले, अन् हसायची, म्हणायची, पाय तर ओले झाले न, तेवढंच.

फागुन आला. झाडाले पान नाही, गवत नाही, अन् पळस असा लाल फुलला की त्याची मले चीड यायची. कोणाले दाखवून राह्यला तो?

त्या वर्षी जिथं पाहावं तिथं सरकारचीच गोष्ट. पारावर माणसं बसायची. एकजण मेहकरहून आणलेला जुना पेपर वाचायचा, बाकीचे त्यावर बोलायचे. कोणी म्हणे सरकार मायबाप आहे, परदेशातून धान्य मागवलं, नाहीतर मेलो असतो. कोणी म्हणे कसलं मायबाप, तो लाल मिलो तिकडं डुकरं खातात. मिलो म्हणजे त्या वेळी राशनवर आलेली लाल ज्वारी. तिची भाकर थापली की कडेनं फाटायची अन् खाल्ली की पोटात दगड बसल्यासारखी बसायची. पण खाल्ली सगळ्यांनी. ज्यानं डुकराचं नाव काढलं त्यानं पण. मोठ्या वावरवाल्यांची तक्रार वेगळीच. सरकारी कामामुळं बायांचे भाव वाढले, उद्या पाऊस पडला तर निंदायले कोण येईल? आभाळात ढग नाही, वावरात काडी नाही, अन् याले उद्याच्या निंदणाची काळजी. अन् एक म्हातारा ठेका धरून म्हणायचा, लोकांले आयतं द्यायची सवय लावू नका, लोकं आळशी होतात. तुझं ते वाक्य नवीन नाही स्वाती. आमच्या पारावर ते फाटक्या धोतरात बसलं होतं.

बायांले कोणी विचारत नव्हतं. विचारलं असतं तर आम्ही इतकंच विचारलं असतं की काम किती लांब आहे, तिथं झाड आहे काय, झाडाखाली पाण्याचा माठ आहे काय. सरकारबद्दल आमचं मत तेवढ्यात मावत होतं.

आमच्या गावच्या वरच्या अंगाले नाल्यावर पाझर तलाव होणार अशी बोली होती. मातीचा बांध घालायचा, पाऊस पडला की पाणी अडेल, जमिनीत मुरेल, खालच्या विहिरी भरतील. अन् तोवर गावच्या माणसांले घराजवळ काम. तुझ्या आजीचा जीव त्या तलावात अडकला होता. तिले तेव्हा पाचवा महिना. त्याच्या आधीचे दोन टिकले नव्हते, अन् त्या दोन्ही वेळेस ती वावरातून डोक्यावर ओझं घेऊन आली होती. तलाव इथं झाला तर दुपारी घरी येऊन पाठ टेकता येईल, ऊन डोक्यावर असताना सावलीत राहता येईल. नाही झाला तर तीन कोस चालत मेहकर रस्त्याच्या कामावर जायचं, खडी फोडायले. घरात बसून राहायचं तर खायचं काय? एवढीच तिची गोष्ट. ती रोज वरच्या नाल्याकडं पाहायची. मले म्हणायची, "इथून मारोतीच्या देवळाएवढं तर आहे ते. मी पोटात घेऊन पण जाईन, पाठीवर घेऊन पण जाईन."

तर साहेब येणार, गावाची हालत पाहणार, अन् गरज आहे असं त्यानं लिहिलं की तलाव होणार.

पारावर बैठक बसली. अन् तिथं काय ठरलं ते ऐक. कोणी असं म्हटलं नाही की साहेबाले आपली उपासमार दाखवू. कोणाच्या डोक्यातच आलं नाही. एवढा मोठा माणूस आपल्या गावात पहिल्यांदा येऊन राह्यला, त्याले उपाशी कसा पाठवायचा, हीच चिंता. जेवण कोणाकडं? गोदीकडं. खीर तिच्यासारखी कोणाले जमते?

आता तू म्हणशील, खीर कशाची, घरात तर मिलो. तुले ठाऊक नाही बाई आमच्या घरांचं. प्रत्येक घरी एका डब्यात शेवया असायच्या. आदल्या उन्हाळ्यात वळलेल्या, पाहुण्यासाठी राखलेल्या. जावई येईल, व्याही येईल, कोणी येईल. घरच्यानं त्या डब्याले हात लावायचा नाही. पोर भुकेनं रडलं तरी नाही. ज्या घरी पाहुण्याले द्यायले काही नाही ते घर मेलेलं, असं आम्ही मानायचो. त्या दुष्काळात माणसांनी काय काय विकलं, ढोरं सोडून दिली, पण शेवयाचा डबा जागेवर होता.

मी अन् गोदाबाई सूप घेऊन निघालो. दारोदार. प्रत्येकीनं मूठ टाकली. एकीच्या शेवया केसासारख्या बारीक, एकीच्या जाड, लालसर, एकीच्याले सोंड्याचा, किडीचा वास. शेवटच्या घरची म्हातारी एकटी राहायची, तिनं डबा उलटा करून बुडावर थापट्या मारल्या, दोन-चार काड्या अन् भुगा पडला. म्हणे, "माह्याही टाकजो वो माय. माह्या घरचं नाही असं नको व्हायले." परत येताना गोदाबाईनं ते सूप पाहिलं, साऱ्या गावाच्या शेवया एका सुपात, अन् ती थांबली. म्हणाली, "ह्या जर साहेबानं खाल्ल्या तर त्याले काय दिसणार? आपल्याजवळ शेवया आहेत, हे दिसणार." मी म्हटलं, चला न, ऊन लागून राह्यलं. मले तेव्हा समजलंच नाही ती काय म्हणते.

तिनं घरी येऊन सासूले सांगितलं, भासऱ्यांले, म्हणजे तुझ्या आजोबाले सांगितलं. साहेबाले ओसरीवर नको, चुलीपाशी आणा. रिकामी चूल पाहू द्या. सासू बोलली, "चूल दाखवतं काय कोणी परक्याले? उद्या म्हणशील लुगडं सोडून दाखवू."

साहेब यायचा दिवस उजाडला. सकाळपासून गाव झाडून घेतलं. आठ दिवसांचं जपलेलं पाणी सडा टाकायले गेलं. ढोरांच्या बरगड्या दिसतात म्हणून ती टेकाडाच्या मागं हाकलून दिली. अन् लेकरं. लेकरांले खिरीचा वास आला तर ती रडतील, साहेबाच्या कानावर रडणं जाईल, म्हणून दोन बाया साऱ्या गावची लेकरं घेऊन कोरड्या नाल्यात जाऊन बसल्या. सावली नाही, पाणी नाही, साहेब जाईपर्यंत तिथंच. जे जे दाखवायले पाह्यजे होतं ते सारं आम्ही स्वतःच्या हातानं लपवलं, अन् लपवताना आम्हाले वाटत होतं आम्ही शहाण्यासारखं वागून राह्यलो.

गोदाबाई चुलीपाशी होती. शेळीचं दूध, पाणी घालून वाढवलेलं, तांड्यावरच्या एका बाईनं दिलेलं. शेवया कोरड्या भाजल्या, तूप नव्हतं. गूळ टाकताना तिचा हात थांबला. मले वाटलं गूळ कमी पडला. नाही, हातात खडा होता. थोडा वेळ ती त्या खड्याकडं पाहत राहिली, अन् मंग टाकला. वाईट खीर तिच्यानं झालीच नसती. हाताले येत नव्हतं ते.

साहेब वाईट नव्हता, हे सांगायले पाह्यजे. मी वाट पाहत होती की कोणी राक्षस येईल. आला तर बारीक, चष्मेवाला, घामेजलेला, चपलेचा अंगठा तुटलेला. ओसरीवर बसला, पितळी ताट समोर, गव्हाच्या चार पोळ्या, त्या कोणाच्या बियाण्याच्या होत्या ते मी नाही सांगत, अन् खिरीची वाटी. पंचवीस माणसं त्याच्याभवती उभी, एकजण पंख्यानं वारा घालते. अन् त्या माणसानं अर्ध्या जेवणावर हात थांबवून, बरं का, स्वतः होऊन विचारलं, "गावात काही अडचण? खाण्यापिण्याचे हाल? मोकळेपणी सांगा."

आता तुले आमची एक रीत सांगते. पाहुणा ताटावर बसला असताना आपलं रडगाणं गायचं नाही. घरात मढं असलं तरी त्याचा हात धुऊन होईपर्यंत बोलायचं नाही, नाहीतर त्याच्या घशाखाली घास उतरत नाही अन् त्याचं पाप आपल्याले. ही रीत त्या साहेबाले ठाऊक नव्हती. त्यानं ताटावर बसून विचारलं. पंचवीस माणसं एकमेकांकडं पाहून राह्यली. अन् तुझे आजोबा म्हणाले, "नाही साहेब, चाललं आपलं बरं. तुम्ही घ्या, अजून एक वाटी घ्या."

दाराच्या आत आम्ही. सासू, गोदाबाई, मी. गोदाबाईनं हातातली पळी खाली ठेवली. डोक्यावरचा पदर नीट केला. अन् उंबऱ्याकडं पाऊल टाकलं. ती बोलणार होती स्वाती. बाई माणूस, पोटुशी, पंचवीस गड्यांसमोर, परक्या साहेबासमोर, ती बोलणार होती. सासूनं माझ्याकडं पाहिलं अन् ओठांनी म्हणाली, धर तिले.

मी तिचा पदर धरला.

नुसता धरला नाही, ओढला. ती मागं आली, भिंतीले टेकली. माझ्याकडं वळून पाहिलं.

आजवर मी स्वतःले सांगत आली की सासूचा धाक होता, मी नवी नवरी, माझं काय चालणार. धाक होता, खोटं नाही. पण आता कागदावर लिहून राह्यली तर पुरतंच लिहिते. पातेल्याच्या बुडाशी खीर उरली होती. चार बोटं असेल, खरवडली तर थोडी जास्त. साहेबाचं समाधान झालं, तो लवकर उठला, की ते पातेलं मले मिळणार होतं. दोन दिवस माझ्या पोटात मिलोची अर्धी भाकर होती. गोदाबाई बोलली असती, बाहेर गोंधळ झाला असता, कोणी आत आलं असतं, पातेलं हातचं गेलं असतं. एवढा हिशेब माझ्या डोक्यानं केला, अन् पदर धरायले जेवढा वेळ लागते तेवढ्या वेळात केला.

साहेब उठला, हात धुतले. खूश होता. म्हणाला, जिथं जावं तिथं लोक रडतात, असं समाधानी गाव पाहिलं नाही. खीर कोणी केली विचारलं. आजोबांनी आतल्या दिशेनं हात केला. सारं गाव त्याले वेशीपर्यंत पोचवायले गेलं. अन् मी पातेलं खरवडलं. बोटानं, मंग उलथन्यानं, मंग परत बोटानं. लेकरं अजून नाल्यात होती. गोदाबाई तिथंच भिंतीले टेकून बसली होती. मी एकदा पातेलं तिच्यापुढं केलं. तिनं मान हलवली. मले बरं वाटलं.

तलाव पलीकडच्या गावाले गेला. तिथल्या लोकांनी म्हणे साहेबाले प्यायले पाणी पण दिलं नाही, आहे कुठं म्हणून सांगितलं, अन् तो तहानलेला, रागावलेला परत गेला. खरं-खोटं त्यांचं त्यांले ठाऊक. पण तलाव तिथं झाला, आजही आहे. त्याच्या खालच्या विहिरींवर आज हरभरा होते, कांदा होते.

अन् आम्ही खडी फोडायले निघालो. पहाटं निघायचं, तीन कोस. काळा दगड, हातोडी, बोटांत सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चढवलेले, तरी नखं निळी. दगडाची बारीक चिप उडून डोळ्यात जायची. ऊन असं की हातोडीचा दांडा धरवत नाही. दुपारी सुखडी वाटायचे, सरकारची, गोड, भुसभुशीत वडी. तुझ्यासारखी एखादी म्हणेल, बघा, फुकट. त्या सुखडीले दगडाच्या भुकटीचा रंग आलेला असायचा. आम्ही खायचो, अन् सांगते, लई चांगली लागायची. सरकारनं दिलं नाही असं मी म्हणणार नाही. दिलं. त्या कामानं माणसं जगली, मी जगली. बायांच्या हातात पहिल्यांदा स्वतःची मजुरी आली, हे पण खरं. पण देणारा अन् घेणारा यांच्या मधात पंचवीस माणसं उभी होती, मानेनं नाही-नाही म्हणत, अन् एक पोरगी उभी होती, पदर धरून. ते कोणत्या पेपरात आलं नाही.

वैशाखात, सातव्या महिन्यात, गोदाबाई खडीच्या ढिगाजवळ बसली ती उठली नाही. आम्ही चौघींनी लुगड्यांचा आडोसा धरला. वाऱ्यानं तो फडफडायचा, अन् पलीकडं हातोड्यांचा आवाज चालूच, कारण ज्याचं काम थांबलं त्याचा ढीग लहान राहणार. मुलगी झाली. एवढीशी, माझ्या मुठीत मावेल अशी. रडली पण. ऊन कलेपर्यंत होती. तुझ्या आजीनं तिले पदरात धरलं होतं, तोच पदर. मंग आजोबांनी वळणावरच्या बाभळीच्या अलीकडं, पुढं रस्ता जाणार होता त्या आखणीच्या आत, खड्डा केला. माती मऊ तेवढ्यातच होती, बाकी सारा मुरूम.

दुसऱ्या दिवशीपासून गावानं काय म्हटलं ते ऐक, लोकांचं मत म्हणजे काय ते कळेल. कोणी साहेबाले बोललं नाही. सरकारले बोललं नाही. पारावर बसणाऱ्यांनी स्वतःले तर नाहीच नाही. काहीजण म्हणाले, पोटुशी बाईनं कामावर जायचंच काऊन, सरकारी पैशाचा लोभ सुटला तिले. अन् बाकीचे म्हणाले, गोदीनं खीर इतकी चांगली केली काऊन? साधी केली असती, गूळ कमी टाकला असता, तर साहेब भाळला नसता, तलाव गेला नसता. हे हसण्यावारी सुरू झालं अन् मंग खरंच होऊन बसलं. गोदीच्या खिरीत तलाव बुडाला. पाणी आटलं की म्हणायचे. पलीकडच्या गावात गहू पिकला की म्हणायचे. ज्यांनी सुपात शेवया टाकल्या त्यांनी म्हटलं. सासूनं म्हटलं. मी म्हटलं नाही, पण म्हणणाऱ्यांमध्ये बसून हसली, दोनदा तरी.

अन् तरी लग्नकार्यात खीर करायले तिलेच बोलवायचे. ती जायची. एका लग्नात पारावरचा तोच म्हातारा, आयतं देऊ नका म्हणणारा, पंगतीत बसून मोठ्यानं म्हणाला, "गोदे, या खिरीत कोणाचा तलाव टाकला वो?" पंगत हसली. गोदाबाई वाढत वाढत त्याच्यापाशी आली, रिकामा डाव त्याच्या वाटीत उपडा केला, अन् शांतपणे म्हणाली, "घ्या काका. तुमच्याच तलावातली आहे, पोटभर प्या." अन् पुढच्या पानावर गेली. त्या दिवशी म्हाताऱ्याले खीर मिळाली नाही, अन् कोणाची वाढायची हिंमत झाली नाही.

माझ्याशी ती चांगली वागली. तीस-पस्तीस वर्षं एका घरात. तुझा बाप झाला तेव्हा पहिल्यांदा माझ्या मांडीवर दिला. पदराचं कधी काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

तुले आठवते का, तू लहान असताना आजीसोबत यष्टीनं मेहकरले जायची? त्या वळणावर, बाभळीच्या अलीकडं, आजी दोन्ही पाय वर उचलून सीटवर घ्यायची. तुले वाटायचं खेळ आहे. तू पण घ्यायची, अन् वळण गेलं की दोघी पाय खाली टाकायच्या अन् तू टाळ्या पिटायची. मी मागच्या सीटवरून पाहायची. रस्ता तर चांगला झाला, खोटं काऊन बोलू. तुले दवाखान्यात नेलं ते त्याच रस्त्यानं. तुझा बाप शिकला तो त्याच रस्त्यानं. गोदाबाईनं मात्र मरेपर्यंत त्या वळणावर कधी पाय टेकवले नाहीत.

आता यंदाचं. मी सरपंचाले म्हटलं, बाळा, खीर होणार नाही. माठातलं पाणी देजो. आधी वावरात ने, शेंग फोडून दाखव, घरात ने, जे आहे-नाही ते दाखव, बोलायचं ते बोल, अन् मंग पाण्याचा तांब्या पुढं कर. तो नाराज झाला. म्हणे, आजी, जमाना बदलला, आता तसं काही नसते. गेला उठून. शेजारच्या गावातून केटरिंगवाला आणला, मांडव टाकला, शाली आणल्या.

गाड्या आल्या. पाच होत्या. गावात शिरल्याच नाहीत. रस्त्यावरून काचा बंद ठेवून चालल्या, एका ठिकाणी जरा हळू झाल्या, एका काचेतून फोन बाहेर आला, फोटो काढला, गेल्या. लांबून सोयाबीन कंबरेएवढं हिरवंगार दिसते, ते तर मी सांगितलंच. मांडवातलं जेवण गावानंच खाल्लं, चवीनं खाल्लं. मी ओट्यावर बसून पाहत होती, अन् माझ्या मनात आलं, त्या चष्मेवाल्यानं निदान खाली बसून विचारलं तरी होतं. इतक्या वर्षांनी मले त्या माणसाचा चांगुलपणा आठवावा, ह्याचं मलेच कसंतरी झालं.

तर हे असं आहे. तू तुझं मत ठेव, मी काही ते काढून घेत नाही. पण ते घेऊन एकदा इकडं ये. दिवाळीपर्यंत थांबू नको, लवकर ये. यष्टीनंच ये. ते वळण आलं की काय करायचं ते आता तुले ठाऊक आहे.

फोनवर तू रोज विचारते, आजी कशी आहे, काही लागते का, अन् मी म्हणते, चाललं आपलं बरं. जीभ तशीच वळते. म्हणून सांगते, आली की पिशवी खाली ठेवायच्या आधी विचार. दारातच विचार. एकदा का मी तुले ताटावर बसवलं, तर मी काही सांगायची नाही.